डायोडची एकेरी वाट, थायरिस्टरचे कुलूप

९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे निघालेली लोकल ही हार्बर मार्गावर १५०० व्होल्ट डीसी विजेवर धावणारी अखेरची गाडी ठरली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी धावली तीही याच दोन स्थानकांदरम्यान. फक्त दिशा उलटी होती. म्हणजे ज्या विजेने कुर्ल्यापर्यंतचा पहिला प्रवास केला, तिनेच ९१ वर्षांनंतर कुर्ल्याहून निरोप घेतला. पश्चिम रेल्वेवर कुलाबा ते बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण जानेवारी १९२८ मध्ये झाले होते. तेथील डीसी पर्व फेब्रुवारी २०१२ मध्ये संपले. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, म्हणजे घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या बाजूला, हा बदल जून २०१५ मध्ये पूर्ण झाला. आता सगळीकडे २५ हजार व्होल्टची एसी वीज आहे. प्रवाशांना त्या काळात आठवतात ते रविवारचे मेगाब्लॉक. परंतु या बदलाच्या मुळाशी सिलिकॉनच्या दोन लहानशा चकत्यांची गोष्ट आहे. त्यांतील एक डायोड आणि दुसरी थायरिस्टर.

दोघांचे घराणे एकच, कामही वरवर सारखेच: वीज एका दिशेने जाऊ द्यायची आणि उलट दिशेने अडवायची. अंधेरीच्या घरातील मोबाइल चार्जरपासून शेकडो किलोमीटर वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्यांपर्यंत ही दोन उपकरणे सर्वत्र आढळतात आणि अनेकदा एकमेकांशेजारीच बसवलेली असतात. तरीही त्यांच्या स्वभावातील एक फरक असा आहे, की त्यामुळे गाड्यांची इंजिने बदलली, वीजवाहिन्यांची रचना बदलली आणि मुंबईसारख्या शहरात वीज गेल्यावर ती परत कशी आणायची, या प्रश्नाचे उत्तरही बदलले.

प्रथम डायोड. शुद्ध सिलिकॉन विजेचा फारसा चांगला वाहक नव्हे. त्यात अत्यल्प प्रमाणात फॉस्फरस मिसळला तर काही इलेक्ट्रॉन मोकळे राहतात; अशा सिलिकॉनला एन प्रकारचे म्हणतात. फॉस्फरसऐवजी बोरॉन मिसळले तर इलेक्ट्रॉनांच्या जागा रिकाम्या राहतात. या रिकाम्या जागा, म्हणजे पोकळ्या, धनभारासारख्या वागतात आणि ते सिलिकॉन पी प्रकारचे ठरते. एकाच स्फटिकात हे दोन थर एकमेकांना लागून तयार केले की सीमेवर एक विलक्षण गोष्ट घडते. एन बाजूचे इलेक्ट्रॉन पलीकडच्या पोकळ्यांत जाऊन बसतात, पलीकडच्या पोकळ्या अलीकडे येऊन नाहीशा होतात आणि सीमेच्या दोन्ही अंगांना असा एक अरुंद पट्टा तयार होतो, की ज्यात वाहून नेणारे कोणीच उरत नाही. हा रिक्त पट्टा म्हणजे डायोडचे दार होय. पी बाजूला धन आणि एन बाजूला ऋण दाब दिला की पट्टा आकसतो. सुमारे ०.७ व्होल्टपर्यंत दाब गेला की तो जवळपास नाहीसा होऊन प्रवाह वाहू लागतो. दाब उलटा दिला की पट्टा रुंदावतो आणि वाट बंद होते.

विहिरीतल्या पंपाच्या नळीला तळाशी जी झडप असते, तिचे काम नेमके हेच. पाणी वर येते, पण पंप थांबला तरी खाली उतरत नाही. झडपेला कोणी हुकूम देत नाही. पाण्याचा दाबच तिला उघडतो आणि मिटतो. डायोडलाही दोनच टोके असतात, ॲनोड आणि कॅथोड. हुकूम देण्यासाठी तिसरे टोकच नाही. भोवतालच्या मंडलातील दाब जसा असेल तसे त्याने वागायचे.

ही एकेरी वाट माणसाला सिलिकॉनच्या कितीतरी आधी सापडली होती. १८७४ मध्ये जर्मनीत फर्डिनांड ब्राऊन यांना धातूच्या टोकाने स्पर्श केलेल्या काही खनिज स्फटिकांतून वीज एका दिशेने सहज आणि दुसऱ्या दिशेने कष्टाने जाते, असे आढळले. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा असाच उपयोग विद्युतचुंबकीय लहरी टिपण्यासाठी केला आणि १९०४ मध्ये त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी निर्वात नळीचा डायोड सिद्ध केला. पुढची काही दशके नळीनेच गाजवली. आजच्या डायोडचा खरा पूर्वज असलेली सिलिकॉनमधील पी-एन संधी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत रसेल ओल यांना १९४० मध्ये, एका तडा गेलेल्या नमुन्याची तपासणी करताना गवसली.

मुंबईच्या लोकलला या एकेरी वाटेची गरज का पडली? सह्याद्रीतील टाटांच्या जलविद्युत केंद्रांत तयार होणारी वीज एसी होती, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावे घेणारी. त्या काळातील गाडी ओढायला सर्वांत गुणी मोटार मात्र डीसी होती. सुरुवातीला दम भरून ओढणारी, वेग वाढला की आपसूक नमते घेणारी. तेव्हा वाटेत कुठेतरी एसीची डीसी करणे भाग होते. हे रूपांतर गाडीत बसवता येईल इतके सुटसुटीत यंत्र विसाव्या दशकात नव्हते. म्हणून ते रुळांलगतच्या उपकेंद्रांत करायचे आणि तयार डीसी वरच्या तारेत सोडायची, अशी पद्धत जगभर रूढ झाली. आरंभी त्यासाठी अवजड फिरती यंत्रे होती, मग पाऱ्याच्या बाष्पातून ठिणगी वाहवणारे काचेचे आणि पोलादाचे रेक्टिफायर आले आणि अखेरीस सिलिकॉन डायोडने त्या सर्वांना बाजूला सारले. डायोडला फिरणारा भाग नाही, झिजणारे ब्रश नाहीत, पाऱ्याची विषारी वाफ नाही. हवे फक्त उष्णता वाहून नेणारे ॲल्युमिनियमचे पंखे आणि थोडा वारा.

उपकेंद्रातील रचनाही समजायला अवघड नाही. तीन फेजच्या विजेसाठी सहा डायोड पुलासारखे जोडले, तर ज्या क्षणी जी फेज सर्वांत वर असेल तिच्याकडून प्रवाह घेतला जातो आणि जी सर्वांत खाली असेल तिच्याकडे तो परत जातो. कोणाची पाळी कधी, हे ठरवणारा मुकादम कोणी नाही. पाळी आपोआप बदलते. एका हेलकाव्यात सहा उंचवटे मिळतात, सेकंदाला ३०० आणि एवढे गुळगुळीत डीसी मोटारीला पुरेसे असते. याच क्षेत्रासाठी भांडुपला १९५८ मध्ये हिंद रेक्टिफायर्स ही कंपनी स्थापन झाली. रेक्टिफायर, अर्धवाहक उपकरणे आणि रेल्वेला लागणारी विद्युतसामग्री ही तिची ओळख. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले, तेव्हा या उपनगरांचा औद्योगिक इतिहास बराचसा पुसला गेला. पण एकेकाळी घाटकोपर ते मुलुंड हा पट्टा केवळ राहण्याचा नव्हता, हे त्यावरून ध्यानात यावे.

मात्र डायोडच्या साधेपणाची किंमत होती. पहिली किंमत विद्युतदाबाची. समजा, एका लोकलला वेग घेताना तीन मेगावॉट शक्ती लागली. १५०० व्होल्टवर तिला २००० अँपिअर प्रवाह तारेतून ओढावा लागेल. २५ हजार व्होल्टवर तेच काम १२० अँपिअरमध्ये भागेल. तारेतील उष्णतेचा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे त्याच तारेसाठी फरक जवळपास पावणेतीनशे पटींचा. म्हणूनच डीसी मार्गावर थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रे लागत, तारा जाड लागत आणि एका पट्ट्यात जास्त गाड्या एकदम सुटल्या तर दाब खाली येई. डब्यांची संख्या आणि गाड्यांची संख्या दोन्ही वाढत असताना ही मर्यादा फार काळ खपण्यासारखी नव्हती.

दुसरी किंमत कमी चर्चिली गेली. आधुनिक गाडी ब्रेक लावताना तिची मोटार जनित्रासारखी वागू शकते; गाडीच्या गतीची वीज करून ती तारेत परत पाठवता येते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या उपनगरी गाडीसाठी ही मोठीच बचत. पण डायोडच्या उपकेंद्रात ती वीज परत जाणार कशी? झडप उलटी उघडत नाही. तेवढ्यात शेजारून दुसरी लोकल वेग घेत असेल तर ती वीज तिच्या कामी येईल, अन्यथा उष्णता होऊन वाया जाईल. एसी मार्गाच्या उपकेंद्रात वाटेत डायोड नाही, ट्रान्सफॉर्मर आहे, आणि ट्रान्सफॉर्मरला पुढे-मागे दोन्ही सारखेच. बदल होण्यामागे या गोष्टीचे वजन किती होते हे कागदपत्रे सांगतील. पण एकेरी वाटेची ही दुसरी बाजू विद्यार्थ्यांना शिकवताना सहसा सांगितली जात नाही, एवढे खरे.

आता थायरिस्टर. डायोडमध्ये दोन थर, तर यात चार: पी, एन, पी, एन. ॲनोड आणि कॅथोड ही दोन टोके डायोडसारखीच, पण आतल्या पी थराला एक तिसरी तार जोडलेली असते. तिचे नाव गेट. चार थरांमुळे तीन संधी तयार होतात. उलटा दाब दिला तर बाहेरच्या दोन संधी अडवतात, म्हणजे डायोडचेच वर्तन. सुलटा दाब दिला तर बाहेरच्या दोन संधी वाट देतात. पण मधली संधी उलटी पडलेली असल्यामुळे प्रवाह तरीही अडतो. हा मोठा फरक. डायोड सुलट दिशेने अडवूच शकत नाही, थायरिस्टर मात्र आज्ञेची वाट पाहत थांबतो.

आज्ञा म्हणजे गेटमध्ये सोडलेला एक छोटासा प्रवाह. तो सोडताच कॅथोडच्या एन थरातून इलेक्ट्रॉन गेटच्या पी थरात शिरतात. हा थर पातळ असल्यामुळे बरेचसे इलेक्ट्रॉन तो ओलांडून मधल्या संधीपर्यंत पोहोचतात आणि तिथला दाब त्यांना पलीकडच्या एन थरात ओढून घेतो. त्या थरात जमा झालेला ऋणभार ॲनोडच्या पी थराला पोकळ्या सोडायला भाग पाडतो. त्या पोकळ्या उलट्या वाटेने येऊन गेटच्या थरात पोहोचतात आणि गेटने जे काम केले होते तेच करू लागतात: कॅथोडकडून आणखी इलेक्ट्रॉन बोलावणे. एकाचे येणे दुसऱ्याला कारण होते आणि दुसऱ्याचे येणे पहिल्याला. काही दशलक्षांश सेकंदांत मधली संधी भारवाहकांनी भरून जाते आणि थायरिस्टर साध्या डायोडसारखा वाहू लागतो.

आणि इथेच त्याच्या स्वभावाचा पेच आहे. गेटचा प्रवाह आता काढून घेतला तरी काही बिघडत नाही. आतली देवाणघेवाण स्वतःच्याच बळावर चालू राहते. अंधेरीच्या पुलावर सकाळी साडेनऊला दोरी सोडून लोंढ्याला वाट करून देणाऱ्या पोलिसाने तीच दोरी पुन्हा धरून लोंढा थांबवायचा प्रयत्न केला, तर जे होईल तेच गेटचे होते. वाट उघडणे त्याच्या हाती आहे, मिटणे नाही. लोंढा स्वतः ओसरला तरच वाट मिटते. तसेच थायरिस्टरमधून जाणारा प्रवाह एका विशिष्ट किमान मर्यादेखाली आला, की ती साखळी तुटते आणि उपकरण पुन्हा आज्ञेची वाट पाहू लागते. तेही लगेच नव्हे. आत उरलेले भारवाहक विरून जायला काही दशलक्षांश ते शेकडो दशलक्षांश सेकंद लागतात. तेवढा अवधी न देता पुन्हा सुलटा दाब आला तर थायरिस्टर न सांगताच उघडतो. हा तपशील पुढे पडघ्याच्या संदर्भात महत्त्वाचा ठरणार आहे.

चार थरांच्या या रचनेची कल्पना विल्यम शॉकली यांनी १९५० मध्ये मांडली. बेल प्रयोगशाळेत १९५६ च्या सुमारास तिचा अभ्यास झाला आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अभियंत्यांनी १९५७ मध्ये तिचे मोठा प्रवाह हाताळणारे उपकरण केले. थायरिस्टर हे नाव जुन्या थायरॅट्रॉन या वायूभरित नळीवरून आणि ट्रान्झिस्टरवरून जुळवलेले आहे. दुरुस्तीच्या दुकानांत आजही त्याला एससीआर म्हणूनच ओळखतात.

मिटण्याचे काम हाती नसलेले दार उपयोगाचे कसे, असा प्रश्न साहजिकच पडेल. उत्तर एसी विजेत आहे. आपल्या घरातील वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. म्हणजे थायरिस्टर उघडला, तरी पुढच्या काही सहस्रांश सेकंदांत तो निसर्गतःच मिटणार. मग प्रश्न उरतो तो इतकाच, की प्रत्येक अर्ध्या हेलकाव्यात त्याला कधी उघडायचे. अर्धा हेलकावा १० सहस्रांश सेकंदांचा असतो. आरंभीच उघडला तर सगळी वीज मिळेल. पाच सहस्रांश सेकंद थांबून उघडला तर निम्मी. अडीचला उघडला तर सरासरी दाब ८५ टक्के, साडेसातला उघडला तर जेमतेम १५ टक्के. उष्णतेत काहीही न जाळता, नुसत्या विलंबाने वीज कमी-अधिक करण्याची ही युक्ती आहे.

हीच युक्ती भिंतीवरच्या पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये असते. जुन्या चाळींत आणि पहिल्या सोसायट्यांत पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे बेकेलाइटचा जाडजूड डबा असे. आत तारेचे वेटोळे. पंखा हळू केला की डबा तापे, कारण वाचलेली वीज खरे तर त्यात जळत असे. त्या जागी गोल फिरणारे बटण आले, त्यात ट्रायक होता. ट्रायक म्हणजे एकमेकांकडे पाठ करून जोडलेल्या दोन थायरिस्टरांसारखे एकच उपकरण; हेलकाव्याचे दोन्ही भाग त्याला चालतात. बटण फिरवले की आतला एक कपॅसिटर लवकर किंवा उशिरा भरतो आणि त्यानुसार ट्रायकला इशारा मिळतो. डबा थंड झाला, वीजबिल किंचित कमी झाले. पण पंखा कमी वेगावर गुणगुणू लागला, कारण त्याला आता सुबक हेलकाव्याऐवजी कापलेले तुकडे मिळत होते. त्याच कापण्याने हवेत विद्युतलहरींचा गोंगाट पसरे आणि मिडियम वेव्हवरच्या आकाशवाणीच्या बातम्यांत खरखर येई. अनेक घरांत आजोबांच्या बातम्यांच्या वेळी पंखा पूर्ण वेगावर का ठेवला जाई, याचे शास्त्रीय कारण हे होते. नंतर कपॅसिटरचे टप्पे असलेले रेग्युलेटर आले आणि ट्रायक बऱ्याच भिंतींवरून उतरला.

जे पंख्यात, तेच गाडीच्या इंजिनात करता येईल, हे रेल्वे अभियंत्यांना लवकरच उमगले होते. २५ हजार व्होल्टची एसी गाडीतच उतरवून घ्यायची, थायरिस्टरच्या पुलाने हव्या तेवढ्या दाबाची डीसी करायची आणि मोटारीला द्यायची. भारतीय रेल्वेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशी थायरिस्टर इंजिने स्वीडन आणि जपानहून मागवली. डब्ल्यूएजी-६ या नावाने ती ओळखली गेली. परंतु ही पद्धत देशभर रुजली नाही. दीर्घकाळ आपल्याकडच्या एसी इंजिनांनी वेगळीच वाट धरली: ट्रान्सफॉर्मरवरचे टप्पे बदलून दाब कमी-जास्त करायचा आणि पुढे साधा डायोडचा पूल. खडखड टप्पे बदलणारे ते यंत्र जुने वाटले तरी दणकट होते. थायरिस्टर हेलकावा कापतो तेव्हा मूळ ५० च्या लयीवर वरच्या पट्टीतील अनेक लयी चढतात. त्यांचा उपद्रव शेजारच्या सिग्नल आणि दूरध्वनीच्या तारांना होतो, त्यामुळे गाळण्यांचा पसारा वाढतो. या बाबतीत भारतीय रेल्वेने दाखवलेला सावधपणा मागासपणा नव्हता, असे आता मागे वळून पाहता म्हणता येईल. कारण मधली पायरी गाळून तिने पुढच्या पायरीवर उडी मारली.

ती पायरी म्हणजे जीटीओ, अर्थात गेटनेच मिटवता येणारा थायरिस्टर. त्याच्या गेटमधून उलटा प्रवाह ओढला तर आतील भारवाहक बाहेर काढले जातात आणि साखळी तुटते. फुकट मात्र काहीच नसते: मुख्य प्रवाहाच्या पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत प्रवाह गेटमधून ओढावा लागतो. तरीही डीसीपासून हव्या त्या लयीची तीन फेज एसी बनवणे त्यामुळे शक्य झाले आणि ब्रश नसलेल्या, जवळपास देखभालमुक्त मोटारी गाड्यांत आल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास परदेशातून आलेली डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ ही इंजिने जीटीओवर चालणारी होती. २००७ च्या अखेरीस पश्चिम रेल्वेवर सीमेन्सच्या विद्युतयंत्रणेच्या जांभळ्या-पांढऱ्या लोकल धावू लागल्या, तेव्हा जीटीओही मागे पडला होता. त्यांच्यात आयजीबीटी होते. हा थायरिस्टर नव्हे, ट्रान्झिस्टरच्या कुळातला. गेटला फक्त दाब द्यायचा. दिला की उघडतो, काढला की मिटतो. या गाड्या डीसी आणि एसी दोन्ही तारांखाली धावू शकत होत्या. म्हणूनच बदल टप्प्याटप्प्याने करता आला, नाही तर एका रात्रीत सगळ्या गाड्या बदलाव्या लागल्या असत्या. २०१४ च्या जूनमध्ये सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो तर आरंभापासूनच २५ हजार व्होल्ट एसीवर आहे.

थायरिस्टरचे राज्य मग संपले का? अजिबात नाही. ते पाहायचे तर मुलुंडच्या पुढे, ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला जावे लागेल. चंद्रपूरच्या कोळशावर तयार होणारी वीज पश्चिमेकडे आणण्यासाठी राज्य वीज मंडळाच्या काळात ७५२ किलोमीटरची उच्चदाब डीसी वाहिनी टाकण्यात आली. १९९९ मध्ये ती कार्यान्वित झाली. दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, क्षमता १५०० मेगावॉट. चंद्रपूरला थायरिस्टर एसीची डीसी करतात आणि पडघ्याला दुसरे थायरिस्टर डीसीची पुन्हा एसी करतात. डायोडला हे दुसरे काम कधीच जमले नसते. थायरिस्टरला उघडण्याचा क्षण नव्वद अंशांच्या पलीकडे ढकलला, की तोच पूल उलट्या दिशेने ऊर्जा वाहू लागतो: प्रवाहाची दिशा तीच, पण दाबाची उलटी. विलंब करण्याची शक्ती एवढी सामर्थ्यवान असते. अशा केंद्रांत एकावर एक असे शेकडो थायरिस्टर ओळीने जोडून छताला टांगलेले मनोरे असतात. त्यांच्या गेटची आज्ञा काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने जाते, कारण लाखो व्होल्टवर बसलेल्या उपकरणापर्यंत तांब्याची तार नेण्याचे धाडस कोणी करीत नाही.

पण स्वभाव तोच. पडघ्याच्या बाजूचा थायरिस्टर मिटतो तो पलीकडच्या एसी जाळ्यातील दाबाने. त्याला मिटवायला जिवंत जाळे लागते. जाळ्यात दाब अचानक घसरला, तर थायरिस्टरला विसाव्यासाठी लागणारा अवधी मिळत नाही, तो मिटायच्या वेळी उघडाच राहतो आणि रूपांतराची पाळी चुकते. आणि जाळे पूर्णच मेलेले असेल, तर चंद्रपूरकडे कितीही वीज असली तरी असे केंद्र स्वतःहून एक दिवाही लावू शकत नाही.

हा प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकातला नाही, हे १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईला कळले. पडघा-कळवा भागातील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाच्या काळात रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. मुंबईत बाहेरून वीज आणण्याच्या वाटा किती मोजक्या आहेत, ही जुनीच तक्रार त्या दिवशी सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. पालघर जिल्ह्यातील कुडूस ते गोरेगावची आरे वसाहत अशी एक हजार मेगावॉटची डीसी वाहिनी आखण्यात आली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर आहे. सुमारे ८० किलोमीटरपैकी मोठा भाग जमिनीखालून नेण्याची ती योजना. दाब अधिक-उणे ३२० किलोव्होल्ट. आणि तिच्या केंद्रांत थायरिस्टर नाहीत, आयजीबीटी आहेत. ते स्वतःच्या इच्छेने मिटू शकत असल्यामुळे पलीकडे जाळे नसतानाही स्वतः एसीचा हेलकावा उभा करू शकतात. मेलेल्या शहराला बाहेरून पुन्हा जागे करण्याची ही क्षमता पडघ्याच्या पिढीतील तंत्राला लाभलेली नव्हती.

मग सगळीकडे आयजीबीटीच का नकोत? कारण एका थायरिस्टरने पेलायचा भार अजूनही अवाढव्य असतो आणि वाहताना त्यात वाया जाणारी ऊर्जा कमी. छत्तीसगडमधील रायगड ते तामिळनाडूतील पुगलूर ही ८०० किलोव्होल्टची, सहा हजार मेगावॉटची वाहिनी थायरिस्टरवरच चालते. आणि त्याच पुगलूरहून पुढे केरळात त्रिशूरला जाणारी छोटी वाहिनी आयजीबीटीवर. एकाच आवारात दोन्ही पिढ्या नांदतात. जिथे अजस्र शक्ती दूरवर न्यायची तिथे हट्टी पण बळकट थायरिस्टर, जिथे शहराच्या कुशीत शिरायचे तिथे आज्ञाधारक आयजीबीटी, अशी ही वाटणी आहे.

घरगुती पातळीवरही ही वाटणी जाणवते. अलीकडे वीज वाचवणारे बीएलडीसी पंखे घराघरांत लागत आहेत. त्यांच्या पोटात आरंभीच डायोडचा पूल असतो. तो येणाऱ्या एसीची डीसी करतो आणि पुढे छोटे ट्रान्झिस्टर मोटार फिरवतात. अशा पंख्याला भिंतीवरचा जुना ट्रायकचा रेग्युलेटर तसाच ठेवला, तर डायोडच्या पुलाला कापलेला हेलकावा मिळतो, त्यामागचा कपॅसिटर झटक्याझटक्याने भरतो आणि पंखा अडखळतो किंवा त्यातील मंडल जळते. म्हणून जाणकार वायरमन तो पंखा लावताना रेग्युलेटर काढून तारा सरळ जोडतो. एलईडी दिव्याचेही तसेच. साध्या दिव्यासाठीचा डिमर त्याला लावला तर तो लुकलुकतो. आणि बटण बंद करूनही रात्री दिवा मंद मिणमिणत राहिला तर पुष्कळदा ती करणी भुताची नसून बटणातील इंडिकेटरमधून झिरपणाऱ्या किंचित प्रवाहाची असते.

ही उपकरणे बिघडली आहेत की नाहीत हे ओळखायलाही त्यांचा स्वभावच उपयोगी पडतो. मल्टिमीटरच्या दोन सुया डायोडला एका बाजूने लावल्या की अर्ध्या ते पाऊण व्होल्टचा आकडा दिसतो, उलट्या लावल्या की काहीच नाही. दोन्हीकडून शून्य आले तर डायोड आत चिकटला, असे समजावे. लहान थायरिस्टरला मात्र ॲनोड-कॅथोडमध्ये दोन्ही बाजूंनी काहीच दिसायला नको. ॲनोडची सुई न हलवता तिचे टोक क्षणभर गेटला टेकवले तरच वाट उघडते. चांगल्या मीटरवर गेट सोडल्यावरही ती उघडी राहते, कमजोर मीटरवर लगेच मिटते, कारण मीटरचा प्रवाह त्या किमान मर्यादेपेक्षा कमी पडतो. नवखा कारागीर अशा वेळी चांगला थायरिस्टर खराब म्हणून फेकून देतो.